सहाशे बाय सहाशे

९ ऑक्टोबर

अमेरिकेच्या व्हिसाच्या लॉटरीचा हंगाम सुरू झाला. सकाळी शटर वर केलं तर बाहेर अकरा माणसं उभी. कोकंदच्या पासपोर्ट कचेरीसमोर फोटोची चार दुकानं आहेत, पण रांग लागते माझ्याकडे. मस्तुराने मापात बसवलेला फोटो नाकारला जात नाही, हे आता खेड्यापाड्यांत माहीत झालंय.

ग्रीन कार्डाचा फॉर्म खरं तर कुणीही घरबसल्या भरावा. अडतं ते फोटोपाशी. सहाशे पिक्सेल रुंद, सहाशे पिक्सेल उंच, एक कमी नाही, एक जास्त नाही. त्यात हनुवटीपासून टाळूपर्यंतचं डोकं निम्म्याहून मोठं, पण सत्तर टक्क्यांच्या आत. समोरच्या दुकानातला माणूस चौकोन जमेना की फोटो आडवा ओढतो. त्याच्याकडून आलेली माणसं खरबुजासारखी दिसतात. मी ओढत नाही. मी बरोबर जागा शोधून कापते.

आज बेशारिकहून एक मुलगी आली. सानोबर नाव. चोवीस वर्षांची, आईबाप नाहीत, मावशीकडे वाढली, तंदूरवर नान भाजते. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. फोनमध्ये कुणाच्या तरी लग्नातला फोटो घेऊन आली होती, मान तिरकी आणि शेजारी कुणाचा तरी खांदा. मी विचारलं, "बाई, अमेरिकेला अर्धा मामाही पाठवायचाय का?" रांगेतले सगळे हसले. तीही हसली, पण जरा उशिरा. मग मी नवीन फोटो काढला. जाताना थोरल्या बहिणीसारखी हाक मारून म्हणाली, "ओपा, माझा नंबर मला लिहून द्याल ना?"

फॉर्म भरला की एक नंबर मिळतो. मे महिन्यात तो टाकल्याशिवाय निकाल दिसत नाही. मी तिला सांगितलं, तुझ्याकडून हरवेल, माझ्या वहीत राहू दे. सगळ्यांना हेच सांगते. ज्याचं नाव लागेल त्याने पुढच्या कामाला माझ्याकडेच यावं, इतकंच त्यात आहे. चारही दुकानं हेच करतात.

ही दुसरी, रोजनिशीची वही नवऱ्यामुळे, झोकिरमुळे सुरू केली. ते म्हणाले, दिवसभर लोकांवर चिडतेस ते घरी आणू नकोस, कुठेतरी लिहून टाक. झोकिर बोलतात कमी, पण बोलतात ते मोजून.

३ नोव्हेंबर

मुदत संपायच्या आधी आमचे फॉर्म भरले, एक माझा, एक झोकिरचा. दोन्हींत झिलोलाचं नाव आणि फोटो. पोरगी सात वर्षांची झाली, पण कॅमेऱ्यासमोर बसवली की तिला हसू येतं. वर आईलाच सांगते, "ओयी, तू डोळे मोठे करतेस ना, म्हणून मला हसू येतं." शेवटी मी डोळे मिटून बटण दाबलं. फोटो चांगला आला.

बारावं वर्ष. बारा वर्षांत माझ्या हातच्या नऊ फोटोंना अमेरिका लागली, मला नाही.

७ मे

निकाल. दिवसभर वहीतले नंबर टाकत बसले. माझा नाही, झोकिरचा नाही. पाण्याचा ग्लास हातात होता, तो खाली ठेवायचं भान राहिलं नाही.

चार वाजता सानोबरचा नंबर टाकला. लागला.

तंदूरवाली, जिला सरळ मान करून बसता येत नव्हतं. मी पुन्हा टाकला. पुन्हा तेच पत्र उघडलं. तिचं नाव, आणि फोटो माझ्या हातचा.

८ मे

तिला अजून कळवलेलं नाही. रात्रभर विचार केला आणि सकाळी चहा घेताना झोकिरना सांगितला.

सानोबर एकटी आहे. अविवाहित. मुलाखतीच्या आत तिने लग्न केलं तर नवऱ्यालाही व्हिसा मिळतो. नवऱ्याला मूल असेल तर त्यालाही मिळतो. आणि कागदावर झोकिरही अविवाहित आहेत. आमचा निकाह मुल्लाने घरी येऊन लावला, नोंदणी कचेरीत आम्ही गेलोच नाही. नऊ वर्षं "जाऊ, जाऊ" म्हणत राहिलो. आता हा आळसच कामी येणार. घटस्फोट नको, कोर्ट नको. तिने कागदावर लग्न करायचं, खर्च आमचा. तिकडे गेल्यावर दोन वर्षांनी ते वेगळे होतील, झोकिर माझ्याशी नोंदणीचं लग्न करतील आणि मला बोलावून घेतील.

झोकिरनी नान कुसकरला. मग म्हणाले, "मुलीलाही नेऊ?"

मी तेवढ्या पुढचा विचार केला नव्हता. पण बरोबर आहे. तिथली शाळा मिळेल. शिवाय मूल बरोबर असलं की कुटुंब खरं वाटतं, असं ते म्हणाले.

११ मे

सानोबरला बोलावून घेतलं. मागच्या खोलीत बसवून सोम्से समोर ठेवले. म्हटलं, तुझ्यासाठी एक चांगली बातमी असू शकते, पण ती एका अटीवर. सगळं समजावलं. तिने एकही सोम्सा उचलला नाही.

"नंबर द्या ना, ओपा. मी स्वतः बघते."

"मिळेल. आधी बोलणं होऊ दे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"मग तो वहीत राहील. मुदत संपली की त्याला काही अर्थ नाही. तुझ्याकडे विमानाचं भाडं आहे का? व्हिसाची फी? तिकडे तुला कोण ओळखतं?"

तिने हातावरचे डाग चोळले. मग झोकिरबद्दल म्हणाली, "अकांना विचारलंत?"

मी म्हटलं, त्यांना काय विचारायचं, घरातले निर्णय मी घेते. हे ऐकून तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. बघत राहिली. मग "ठीक आहे" म्हणाली आणि आपला चहा संपवून उठली.

मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण मी नसते तर ही मुलगी तिरक्या मानेचा फोटो पाठवून मोकळी झाली असती. तिची अमेरिका निम्मी माझीच आहे.

१२ जून

नोंदणी झाली. झोकिरच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री मी केली. सानोबरला माझा निळा झगा दिला. कमरेत दोन टाचण्या लावाव्या लागल्या. ती बारीक आहे.

मुलाखतीला एकत्र असल्याचे फोटो दाखवावे लागतात. कचेरीच्या पायऱ्यांवर पहिला काढला. दुकानात येऊन मोठ्या पडद्यावर मोजलं. बाराशे पिक्सेलच्या रुंदीत दोघांच्या खांद्यांमध्ये दोनशे बारा पिक्सेल अंतर. मी कितीही कापलं तरी मधली भिंत जाईना. झोकिरना म्हटलं, "अहो, नवरी आहे ती, विजेचा खांब नाही. जवळ सरका." सासूबाई खदखदून हसल्या. मी सासूबाईंना असं हसताना कधी पाहिलेलं नव्हतं.

१३ जुलै

दर रविवारी दोघांना बाहेर पाठवते, बागेत, तिच्या मावशीकडे, बाजारात. बरोबर पिशवीत कपड्यांचे तीन जोड देते म्हणजे एकाच दिवसात तीन वेगळे दिवस होतात. संध्याकाळी झोकिर फोन माझ्या हातात देतात, मी सगळे फोटो एका मापात बसवते. आज अंतर चाळीस पिक्सेल. प्रगती आहे.

सानोबर झोकिरना "अका"च म्हणते, थोरल्या भावाला म्हणावं तसं. बदलायला सांगणार होते, पण आपल्याकडे बायकोही नवऱ्याला अकाच म्हणते. मुलाखतीसाठी वेगळं शिकवायला नको.

७ सप्टेंबर

आजच्या फोटोंना कात्री लावावीच लागली नाही. दोघं इतकी जवळ बसलीत की चौकोन आपोआप झाला.

फोनमध्ये एक फोटो जास्तीचा सापडला. झोकिरच्या दमास गाडीत सानोबर पुढच्या सीटवर झोपली आहे, अंगावर झोकिरचा कोट, काचेतून उन्हाची तिरीप तिच्या कपाळावर. असा फोटो मी सांगितला नव्हता. विचारलं तर झोकिर म्हणाले, "असाच काढला." मी म्हटलं, असेच तर खरे वाटतात! नटूनथटून काढलेले फोटो अधिकाऱ्यांनी हजारो बघितले असतील. माझ्यापेक्षा ह्यांनाच जास्त अक्कल निघाली. तो फोटो बाराशे बाय आठशे केला, उजेड किंचित वाढवला आणि गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला.

१९ ऑक्टोबर

पुन्हा हंगाम. जेवायला फुरसत नाही. सानोबर घरी येऊन स्वयंपाक करते, झिलोलाची वेणी घालते, सासूबाईंचे पाय चेपते. मी तिला मुद्दाम सांगितलं होतं की तू घरच्यासारखी वागायला शीक. आज घरी गेले तर चौघंजण जेवत होती. माझ्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सुनेच्या हाताला चव आहे." मी म्हटलं, "सराव चांगला चाललाय, असंच मुलाखतीत म्हणा." कुणी हसलं नाही. दमले असतील.

११ नोव्हेंबर

सासूबाईंच्या मनात आलं की शेजारीपाजारी चौकशी झाली तर काय? नवराबायको एका छपराखाली दिसायला हवीत. म्हणून बेशारिकला एक खोली भाड्याने घेतली. झोकिर आठवड्यातून तीन रात्री तिथे राहतील. सासूबाईंनी पेटीतून नव्या गाद्या काढून दिल्या, माझ्या लग्नात माझ्या आईने दिलेल्या, कधी न उघडलेल्या. मला ते जरा लागलं. पण जुन्या, विटक्या गाद्या नव्या जोडप्याच्या खोलीत शोभल्या नसत्या, हेही खरं.

मनात शंका येते का, असं मी स्वतःला विचारलं. सानोबरकडे बघते आणि शंका येत नाही. तिच्या हातांकडे बघा. झोकिरना सुंदर हात आवडतात. लग्न ठरताना त्यांनी आधी माझे हात बघितले होते.

१० जानेवारी

व्हिसासाठी सगळ्यांचे ताजे फोटो काढले. सानोबरचा जुना फोटो शेजारी उघडून ताडून पाहिला, कारण चेहरा फार वेगळा दिसला तर अधिकारी शंका घेतो. तोच कॅमेरा, तेच अंतर. डोक्याची उंची तीच, पण गालापासून गालापर्यंत सव्वीस पिक्सेल वाढलेत. मी म्हटलं, "तंदूरवरचे सगळे नान तूच खातेस की काय? महिनाभर तोंडाला कुलूप लाव." ती लाल झाली. सासूबाई माझ्यावर खेकसल्या, "खाऊ दे तिला." मुलाखतीच्या आधी पोरीला नाराज करण्यात अर्थ नाही, सासूबाई बरोबर बोलतात.

१५ जानेवारी

ताश्कंदला वैद्यकीय तपासणी. मी दुकान सोडून जाऊ शकले नाही, झोकिरनी सगळं सांगितलं. खिंडीतल्या वळणांवर सानोबरला तीनदा उलटी झाली. दवाखान्यात झिलोलाने रडता रडता सुई टोचून घेतली. सानोबरला मात्र छातीच्या एक्स-रेच्या वेळी डॉक्टरीणबाईने वेगळं नेलं, काहीतरी विचारलं, कागदावर सही घेतली आणि पोटावर शिशाचं जाड आवरण बांधलं. झोकिर आणि झिलोलाला तसलं काही नव्हतं. परदेशी जाणाऱ्या बायकांची किती काळजी घेतात ते बघा. आपल्याकडे कोण एवढं करतंय.

२१ जानेवारी

नोटरीकडे गेलो. झिलोलाला देशाबाहेर नेण्यासाठी आईची संमती लागते. नोटरीने मजकूर मोठ्याने वाचला: मी अमुक अमुक, माझ्या अल्पवयीन मुलीला तिच्या वडिलांबरोबर कायमच्या वास्तव्यासाठी जायला संमती देते. "कायमच्या" हा शब्द मला खटकला. मी म्हटलं, दोन वर्षं असं लिहा. नोटरी म्हणाला, ताई, व्हिसा कायमचा आहे, दोन वर्षांचं लिहिलंत तर मुलीला देणारच नाहीत.

झोकिर खिडकीबाहेर बघत होते. मी विचारलं, "अहो, करू ना सही?"

"तुझीच योजना आहे," ते म्हणाले.

केली.

घरी येताना झिलोलाने विचारलं, तिकडे माझी वेणी कोण घालणार? मी म्हटलं, सानोबर ओपा घालेल की. ती म्हणाली, "तिची वेणी घट्ट बसते, ओयी. तुझी सुटते." लहान मुलं किती खरं बोलतात. हसू आलं आणि वाईटही वाटलं.

६ फेब्रुवारी

मुलाखत पार पडली! तिघांनाही व्हिसा मिळाला. अधिकारी बाईने प्रश्न थोडेच विचारले. फोटोंचा गठ्ठा हातात घेतला आणि गाडीत झोपलेल्या सानोबरच्या फोटोवर थांबली. मग झोकिरकडे बघून हसली आणि म्हणाली, अभिनंदन.

तो फोटो मी वर ठेवला होता. मी! आज गाजर जास्त घालून पुलाव केला, गल्लीत वाटला. लोकांना सांगितलं झिलोलाचा दात पडला म्हणून.

२४ मार्च

गेले.

नवरोजचा सुमलक, गव्हाच्या मोडांची खीर, डब्यात भरून दिला होता, तो सामान तपासताना काढून घेतला. झिलोला आत जाईपर्यंत मागे वळून हात हलवत होती. मग तिला गर्दीत उचलून घेतलं कुणीतरी, झोकिरनी किंवा सानोबरने, मला दिसलं नाही.

झोकिर निरोप घेताना माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, वडीलधाऱ्यांसारखे. सानोबर मात्र आत जाता जाता परत आली. सैल कोट घातला होता, मार्चच्या उन्हात. माझ्या कानाशी येऊन हळू म्हणाली, "ओपा, माझा नंबर अजून तुमच्या वहीत आहे. आता खोडून टाका."

आभार मानायची ही कसली रीत? पण खेड्यातली पोर आहे, बोलायला शिकवलं कुणी?

१६ एप्रिल

रोज फोन येतो. कधी दिवसाआड. झिलोला शाळेत जायला लागली. पिवळ्या बसचा फोटो आला. मी तो मोठा करून दुकानात लावला.

२ जून

आठवड्यातून एकदा. झोकिरना दोन ठिकाणी काम आहे, वेळ मिळत नाही. झिलोला बोलायला आली की कुणीतरी मागून तिला हाक मारतं आणि ती "येते" म्हणते. "येते ओयी" असं मला वाटलं. पण मीच तर इकडे होते. फोन खरखरत होता. नीट ऐकू आलं नसेल.

१९ जुलै

आज दुपारी सासूबाई भेंड्या चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "झोकिरने तुला तलाक दिलाय. काल मला फोनवर म्हणाला. तीनदा. मी आणि शेजारचे मुल्ला दोघांनी ऐकलंय."

मी विचारलं, मला का नाही म्हणाले?

"तुला सांगायला तो घाबरतो. आयुष्यभर घाबरलाच आहे."

मग म्हणाल्या, पुढच्या महिन्यात मला नातू होणार आहे. तुझी खोली रिकामी करून ठेव, ती येतील तेव्हा लागेल.

मी बोटांवर मागे मोजत गेले. जुलै, जून, मे. बोटं संपली तिथे नोव्हेंबर होता. नव्या गाद्यांचा नोव्हेंबर. सव्वीस पिक्सेल. शिशाचं आवरण. सैल कोट. मी माणसांचे चेहरे मोजून पोट भरते. एवढं माझ्या डोळ्यांसमोर मापात बसलेलं होतं आणि मी त्याचा उजेड वाढवून दिला.

सासूबाईंनी भेंड्या धुतल्या. म्हणाल्या, "तुझं लग्न कुठे नोंदवलेलं होतं का? नाही ना? मग कोर्टाचा त्रासही नाही."

२२ जुलै

दुकानाच्या मागच्या खोलीत राहायला आले. माझी एक पेटी, झिलोलाचे हिवाळी बूट. ते आता तिला होणार नाहीत.

नोटरीकडे गेले होते. त्याने कागद काढून दाखवला. "सही तुमचीच आहे ना, ताई?" माझीच होती. नोंदणी कचेरीतली बाई म्हणाली, तुम्ही त्यांच्या कोण?

२५ जुलै

अमेरिकेच्या वकिलातीला पत्र लिहायला बसले. त्या दोघांचं लग्न खोटं आहे, कागदापुरतं आहे, मी स्वतः जुळवलं, फोटो मी बनवले. दोन ओळी लिहिल्या आणि थांबले. खोटं काय आहे त्यात? ती एका घरात राहतात, मूल होतंय, नोंदणी आहे. कागदही नाही आणि नवराही नाही असं लग्न एकच आहे, ते माझं.

आणि त्यांना परत पाठवलं तर झिलोलाही परत येईल, असं वाटून क्षणभर हात सुरसुरले. मग पिवळ्या बसच्या फोटोकडे बघितलं. ती दारात उभी राहून हसतेय, माझे मोठे डोळे समोर नसताना.

फाडलं.

३० ऑगस्ट

मुलगा झाला. सासूबाईंनी गल्लीत साखर वाटली. माझ्या दुकानातही पाठवली.

२७ सप्टेंबर

दोन महिन्यांनी झोकिरच्या नंबरवरून निरोप आला. आवाज झिलोलाचा.

"मस्तुरा ओयी, बाबा म्हणतात बाळाचा पासपोर्टचा फोटो करून द्या. इथलं दुकान नीट करत नाही, दोनदा परत आला. ओयी म्हणाली, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही. आजीला बाळ दाखवायला आणायचंय. सहाशे बाय सहाशे. बाय."

मी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. ती मला मस्तुरा ओयी म्हणाली. नुसती ओयी दुसरीच कुणीतरी झाली. पण आवाज तिचाच होता, थोडा सर्दी झाल्यासारखा.

खाली फोटो होता. झिलोला पलंगावर बाळाकडे तोंड वळवून बसली आहे, बाळाला मांडीवर उभं धरलंय, मागे पांढरी भिंत. केस कापलेत तिचे. वेणी नाही. पुढचा एक दात नवा येतोय.

बाळाला झोकिरच्या जुळलेल्या भुवया आहेत.

नियम असा की बाळाच्या फोटोत दुसऱ्या कुणाचंही काही दिसता कामा नये. मी चौकोन बाळाच्या चेहऱ्यावर आणला. झिलोलाची बोटं बाळाच्या काखेत होती, ती एकेक करून पुसली, त्या जागी पांढरं भरलं. तिचा खांदा रेषेबाहेर गेला. कान गेला. मग चेहरा. एक पिक्सेल कमी करून पाठवायचं मनात आलं. पाचशे नव्व्याण्णव. यंत्राने परत केला असता, त्यांना कळलं नसतं का ते. किंवा किंचित आडवं ओढायचं, बाळ खरबूज.

केलं नाही. दया म्हणून नाही. चुकीचा पाठवला असता तर दुसऱ्या कुणाकडून करून घेतला असता, आणि मग पुढच्या वेळी तिचा आवाज आला नसता.

सहाशे बाय सहाशे, एकशे ऐंशी केबी. पाठवला. झोकिरनी अंगठा पाठवला.

मी लगेच विचारलं, झिलोलाचा एक फोटो पाठवाल का, एकटीचा, सरळ बघतानाचा, मागे काही नको. निरोप वाचल्याची खूण आली.

८ ऑक्टोबर

हंगाम सुरू. सकाळपासून रांग. एक म्हातारी याइपानहून आली होती, तिला तिचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. सगळ्यांना देते आता. समोरचा दुकानदार म्हणतो, मस्तुराला वेड लागलं.

दुपारी माणसं जेवायला पांगली तेव्हा माझा फॉर्म उघडला. चौदावं वर्ष.

पहिल्या रकान्यांत नाव, जन्म, गाव. मग वैवाहिक स्थिती. विवाहित म्हणावं तर कागद नाही, घटस्फोटित म्हणावं तर तोही कागद नाही. अविवाहित.

मग मुलांची संख्या. ज्या मुलांकडे तिथलं कार्ड आधीच आहे त्यांचं नाव घालायची सक्ती नाही. घातलं तरी चालतं, पण मग प्रत्येकाचा फोटो लागतो, सहा महिन्यांच्या आतला, सहाशे बाय सहाशे. माझ्याकडे तिचा सरळ बघतानाचा जो फोटो आहे तो नऊ महिन्यांपूर्वीचा. नवा आलेला नाही. बाळाचा फोटो कापल्यावर उरलेली कड आहे, एकशे ऐंशी रुंद, त्यात एक कान, अर्धा गाल आणि डोळ्याचा कोपरा. मी तासभर त्या कडेशी झगडले. तिचा चौकोन होत नाही.

शून्य लिहिलं.

फॉर्म कुठेही अडला नाही. चार मिनिटांत झाला. एकट्या बाईचा लवकर होतो.